घोडेवाला

रात्री सव्वाअकराला मी 'अपडेट करा' दाबलं,
सगळे दाबतात तसंच, न वाचता.
टीव्हीखालचा डबा दोनदा कुंकला,
चारी हिरवे दिवे नारिंगी झाले,
आणि वीस मिनिटांनी नवे कपडे घालून समोर येऊन म्हणाला :
तुमचा जुना सर्व्हर या आवृत्तीत चालणार नाही.

म्हणजे बिऱ्हाड हलवायचं.
वारज्यात आम्ही तीन भाड्याच्या जागा बदलल्या,
मला वाटलं, अनुभव आहे.
पण तिथे टेम्पोवाला असतो, सुतळी असते,
गादी कुठे टाकू म्हणून ओरडणारं कुणीतरी असतं.
इथे तीन हजार चारशे बारा फायली
जागच्या हलणारसुद्धा नाहीत,
फक्त त्यांचा पत्ता बदलणार,
आणि नव्या पत्त्यावरचं प्रत्येक दार म्हणणार : परवानगी नाही.
माझ्याच घरात, माझ्या दिवाळी बोनसच्या डिस्कवर.
मालक कोण, तर एक हजार सव्वीस.
नाव नाही. नंबर.

बुधवारी तापकीर गल्लीतून केबल आणली.
गुरुवारी वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार,
एक्याऐंशी टक्क्यांवर लाईट गेली.
यूपीएस अकरा मिनिटं ओरडत राहिला,
मग तोही गप्प.
श्रीरंग म्हणाला, कशाला हा उपद्व्याप,
महिन्याला पैसे भरले की सगळं मिळतं.
म्हटलं, अण्णांचा निरोप समारंभ कुठे मिळतो तेवढं सांग.

शनिवारी लागला एकदाचा.
नवा सर्व्हर हुशार. प्रत्येक सिनेमाला त्याचाच चेहरा,
साल बरोबर, नट बरोबर.
ज्यांचं काही जुळलं नाही
त्यांना त्याने 'इतर'मध्ये बसवलं,
एकसारखे राखाडी चौकोन, ओळीने,
ससूनच्या बाकावर बसल्यासारखे.

चहा झाल्यावर अण्णा खुर्ची पुढे ओढून बसले.
रिमोट वर, खाली, परत वर.
"वैजू, घोडेवाला कुठाय?"

तर, घोडेवाला असा :
स्वारगेट डेपो, दोन हजार सहा,
कुणाच्या तरी मेव्हण्याने केलेलं शूटिंग.
बिल्ला नंबर चार हजार एकशे सात निवृत्त होतोय,
गळ्यात झेंडू, हातात नारळ, मागे धुतलेली बस.
जुन्या सर्व्हरला 'निरोप' काही कळलं नाही.
त्याने कुठूनसं एक परदेशी पोस्टर शोधून चिकटवलं :
लाल आभाळ, टोपी, कमरेला पिस्तूल
आणि घोड्यावर एक कडवा माणूस.
आम्ही पोट धरून हसलो, दुरुस्त करू म्हणालो,
आणि अकरा वर्षं केलं नाही.

मोतीबिंदूनंतर अण्णा अक्षरं सोडून देतात.
त्यांना लाल आभाळ कळतं.
दुसरी ओळ, चौथं चित्र, दाब.
चौदाव्या मिनिटाला आई येते,
पेढ्यांचे बॉक्स मोजत, कॅमेऱ्याकडे पाठ.
कुणीतरी हाक मारतं. ती वळते.
"मला नको घेऊ रे," म्हणते, आणि पुन्हा मोजायला लागते,
पहिल्यापासून, कारण आकडा चुकला.
तिथे अण्णा म्हणतात, बस, बंद कर.
समारंभाचा शेवट आम्ही कुणीच पाहिलेला नाही.

रात्री पुन्हा बसले.
चुकीचं पोस्टर मिळवायला बरोबरपेक्षा जास्त वेळ लागतो.
हुबेहूब तेच नाही सापडलं,
त्याच माणसाचं दुसरं सापडलं, आभाळ तेवढंच लाल.
'निरोप'वर लावलं,
शेजारचं छोटं कुलूप दाबलं,
म्हणजे उद्या हा शहाणा पुन्हा सुधारायला जाणार नाही.

सकाळी अण्णांनी चष्मा पुसला.
दुसरी ओळ. चौथं चित्र.
थांबले.
"घोडा बारीक झालाय गं," म्हणाले,
आणि दाबलं.